बडा घर, पोकळ वासा

"फायबरग्लास आहे हो, कुजत नाही!" जुन्या बोटींच्या बाजारातलं हे सगळ्यात लाडकं वाक्य. गंमत म्हणजे ते खरंही आहे. काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन कुजत नाहीत. पण बोट कुजते. आणि सगळी लबाडी या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे.

विषय आहे अमेरिकेतल्या जुन्या फॅमिली मोटरबोटींचा. सोळा-अठरा फुटी, ट्रेलरवर टाकून तळ्यावर न्यायच्या, साठ ते ऐंशीच्या दशकांत बनलेल्या. मिनेसोटा, मिशिगन, विस्कॉन्सिनकडे घरामागे ताडपत्रीखाली अशा बोटी पडून असतात. मग एक दिवस मालक 'थोडंसं कॉस्मेटिक काम आहे' म्हणत विकायला काढतो. स्वस्तात मिळते, कधी फुकटही. आपली मंडळीही हौसेने घेतात. नवा रंग, नवी सीट कव्हरं, नवं कार्पेट, ब्लूटूथ स्पीकर. फोटो काढायचे, वाहवा मिळवायची.

माझं म्हणणं सरळ आहे. आतलं लाकूड न तपासता केलेलं असलं 'रिस्टोरेशन' हा छंद नव्हे, फसवणूक आहे. आधी स्वतःची, मग बोटीत बसणाऱ्या पोरांची आणि शेवटी ज्याच्या गळ्यात ती मारणार त्याची.

जरा आत काय असतं ते बघू. या काळातल्या बहुतेक बोटींना बाहेरून फायबरग्लासचं कवच असतं, पण ताकद बरीचशी लाकडाची. तळाच्या लांबीभर जाणारे लाकडी वासे, म्हणजे स्ट्रिंगर. त्यावर प्लायवूडची जमीन. आणि मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम. तीही फायबरग्लासच्या दोन थरांत दाबलेली प्लायवूडच. आउटबोर्ड इंजिन याच भिंतीवर टांगलेलं असतं. आजचं ११५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन १६० किलोच्या आसपास भरतं. वर त्याचा जोर, वर लाटांचे हादरे.

आता या लाकडात पाणी कुठून जातं? तळ्यातून नाही, भोकांतून. इंजिनचे बोल्ट, पाणी काढायच्या बुचाचं भोक, खुर्च्यांचे स्क्रू, कुणीतरी हौसेने ठोकलेला मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर. सीलंट न लावलेला एक स्क्रू पुरतो. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी उपाशी मरते, पण ३० च्या आसपास गेला की तिची दिवाळी. त्यात पावसाचं गोडं पाणी सगळ्यात वाईट. समुद्राच्या खाऱ्या पाण्याला बुरशी निदान जरा बिचकते. म्हणजे जी बोट वर्षानुवर्षं पाण्यात उतरलीच नाही, नुसती फाटक्या ताडपत्रीखाली उभी होती, ती 'कमी वापरलेली' नसते. तीच जास्त संशयास्पद.

आपल्या कोकणातली लाकडी होडी निदान प्रामाणिक असते. फळी कुजली की दिसते, सुताराच्या हाताला लागते. फायबरग्लासची बोट मात्र वरून कीर्तन, आतून तमाशा!

जमिनीखालचा फोम ही तर आणखी गंभीर गोष्ट. १९७८ च्या ऑगस्टपासून बनलेल्या, वीस फुटांखालच्या आउटबोर्ड बोटींना अमेरिकेत कायद्याने बंधन आहे: पाणी भरलं तरी बोट बुडता कामा नये, आडवी तरंगत राहिली पाहिजे. त्यासाठी बहुतेक कंपन्या तळाशी फोम भरतात. शंभर लिटर फोमचं वजन साधारण तीन किलो. पण वर्षानुवर्षं पाण्यात भिजत पडला की हाच फोम स्पंजसारखा पाणी पितो. ज्याच्या भरवशावर जीव वाचायचा तोच मग बोटीला खाली ओढतो. आणि यावर आपण नवं कार्पेट चिकटवतो! डेटाबेस करप्ट असताना नवं होमपेज लाँच करण्यातलाच प्रकार, फक्त इथे बॅकअप नसतो.

"चाळीस वर्षं तरंगतेय, आता काय होणार?" हा नेहमीचा युक्तिवाद. अहो, कूज ही दर वर्षी वाढणारी गोष्ट आहे. चाळीस वर्षं टिकली हा पुरावा नाही, ती चाळीस वर्षांची थकबाकी आहे.

दुसरा युक्तिवाद: "भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी ओतलं की झालं." नाही झालं. ओलं लाकूड इपॉक्सी पीत नाही. ते भोकाभोवती घट्ट होतं आणि शेजारी कूज आपली निवांत चालू राहते. तिसरं, "मरीन प्लाय टाकलाय, आता चिंता नाही." मरीन प्लायचा गोंद पाण्याला टिकतो आणि आत पोकळ्या नसतात, एवढंच. लाकूड ते लाकूडच. उघडं ठेवलंत तर तेही कुजेल.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. एवढी कडक अट घातली तर सामान्य माणसाने बोट घ्यायचीच नाही का? जरूर घ्यावी. जुनी बोट स्वस्त असण्यात पाप नाही, माझं भांडण क्रमाशी आहे. पहिला विकेंड रंगाला नाही, तपासणीला द्या. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्सम ठोकून बघा. खणखणीत आवाज बरा, बद्द आवाज वाईट. इंजिनचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा आणि ट्रान्सम वाकतो का बघा. शंका आली तर आतल्या बाजूने छोटं ड्रिल मारा. कोरडा, फिकट भुसा निघाला तर भोक इपॉक्सीने बुजवा आणि पेढे वाटा. काळा, ओला लगदा आला तर मालकाला नमस्कार करून घरी या.

किंवा मग पूर्ण काम करा. बोटीचा आकार बिघडू नये म्हणून खालून नीट आधार द्या, जमीन कापा, फोम उपसा, वासे बदला, इपॉक्सी आणि फायबरग्लासचं कापड लावून सगळं बंद करा. चांगला मास्क घालून, आठवडेच्या आठवडे अंग खाजवत. ज्यांनी हे केलंय त्यांच्याबद्दल मला खरोखर आदर आहे. त्यांच्या बोटीचा रंग उडालेला असला तरी मी पोरांना घेऊन बसेन.

आणि हिशोब जमत नसेल तर बोट सरळ भंगारात काढा. त्यात कसलीही नामुष्की नाही. नामुष्की आहे ती कुजका वासा रंगवून पुढच्याला विकण्यात. त्याची पोरंही लाइफ जॅकेट घालून त्याच जमिनीवर उड्या मारणार आहेत, एवढं ब्रश उचलताना लक्षात ठेवा. बाकी मर्जी तुमची.