पाण्याच्या खुणा आणि शोभेचा सोस

हैदराबादेच्या मुसी नदीला शोभा आणावी, तिच्या काठी फिरावयाच्या वाटा, कारंजी व दिव्यांच्या माळा असाव्यात आणि तटाच्या भिंतींवर चित्रे काढावीत, असा आग्रह अलीकडे चोहोंकडून होत आहे. राज्यकर्ते तो धरतात, कंत्राटदार धरतात, वर्तमानपत्रे धरतात. आणि कलेचे म्हणविणारे काहीजणही त्यांच्या सुरात सूर मिळवितात. पहिल्या तिघांचे आम्हांस नवल वाटत नाही. नदी सुंदर दिसली की तिच्या काठच्या जमिनीला भाव येतो, हे त्यांस आपल्यापेक्षा आधी कळते. परंतु कलावंताने या शोभेच्या खटाटोपात रंगाची डबी घेऊन शिरावे आणि त्यालाच 'लोककला' किंवा 'सार्वजनिक कला' म्हणावे, याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

गोव्यातील वा बेळगावकडील वाचकांस मुसी फारशी परिचित नसेल. विकाराबादेजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात ती उगम पावते, हैदराबाद शहर मधोमध चिरीत पूर्वेस जाते आणि वाडपल्लीस कृष्णेला मिळते. वर्षातील बहुतेक दिवस तिच्यात सांडपाण्याखेरीज काही वाहत नाही. पूल ओलांडणारा नाकाला रुमाल लावतो आणि पुढे जातो. ही नदी माणसे मारू शकते, ही गोष्ट त्याच्या ध्यानीमनीही नसते. आणि नेमके तेच ध्यानात आणून देणे हे येथील कलेचे पहिले काम आहे, असे आमचे म्हणणे आहे.

१९०८ च्या सप्टेंबरची २८ तारीख हैदराबादच्या जुन्या घराण्यांतून अजून 'तुघयानी' या एका शब्दाने सांगितली जाते. शमशाबादेस चोवीस तासांत १२.८ इंच पाऊस झाला. शहराच्या वरच्या अंगाला नदीच्या पाणलोटात लहानमोठे ७८८ तलाव होते, जवळजवळ प्रत्येक चौरस मैलाला एक. त्यांतील २२१ फुटले. एकाचे पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात असे करीत जो लोंढा शहरात शिरला, त्याचे मान सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट होते. हे आकडे पुढच्या वर्षी चौकशीसाठी बोलावलेल्या विश्वेश्वरय्यांनी नोंदवून ठेविले आहेत. अफजल, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे तीन पूल निकामी झाले. कोळसावाडीची वस्ती धुऊन गेली. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असे मानतात. अमजद हैदराबादी या उर्दू कवीने त्या एका दिवसात आई, पत्नी व मुलगी गमावली. तो तेवढा वाचला, आणि त्याने त्यावर काव्य लिहिले. मुसीच्या पुरावरील कला म्हणून जर काही आरंभीचे दाखवावयाचे असेल तर ते हे आहे. त्यात शोभा नाही.

अफजलगंजास आज जेथे उस्मानिया रुग्णालयाचे आवार आहे, तेथील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे त्या दिवशी वाचली. ते झाड आहे. दरवर्षी २८ सप्टेंबरला काही नागरिक त्याच्या सावलीत जमतात, गेलेल्यांची आठवण करतात आणि आपापल्या घरी जातात. कोणा शिल्पकाराने ते घडविले नाही, कोणा मंत्र्याने त्याचे अनावरण केले नाही. तरी या शहरातील पुराचे एकमेव जिवंत स्मारक तेच. आपली कलादृष्टी इतकी विचित्र झाली आहे की झाडाभोवती कठडा बांधून त्यावर रंगीत दिवे सोडले म्हणजे ते 'विकसित' झाले असे आपण समजू.

येथे कोणी म्हणेल, निजामाच्या राजवटीतही पुरानंतर नदीकाठ देखणा केलाच होता ना? होय, केला होता. १९१२ साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले. उच्च न्यायालय, उस्मानिया रुग्णालय, नगर महाविद्यालय अशा भव्य वास्तू पाठोपाठ काठावर उभ्या राहिल्या. आणि काठाने बागा व रस्ते करावेत हे विश्वेश्वरय्यांनी स्वतःच सुचविले होते. पण त्यांच्या सूचनेतला क्रम पाहा. आधी वरच्या अंगाला पाणी थोपवून धरणारे जलाशय, मग शहरातले तट, मग बागा. मुसीवरील उस्मानसागर १९२० साली पुरा झाला, ईसी या तिच्या उपनदीवरील हिमायतसागर १९२७ साली. आजचे शोभावादी या क्रमातले शेवटचे पान फाडून घेतात आणि त्यालाच ग्रंथ म्हणतात. या दोन जलाशयांभोवती दहा किलोमीटरपर्यंत मोठ्या बांधकामांवर निर्बंध घालणारा १९९६ चा शासकीय आदेश २०२२ साली शासनानेच मागे घेतला. वरचे पाणी कोठून येणार आणि कोठे मुरणार याचा विचार सोडून द्यावयाचा, आणि खाली भिंतीवर कमळे रंगवावयाची, याला दुसरे काय म्हणावे?

त्या जुन्या देखण्या वास्तूंविषयीही आमची एक तक्रार आहे, ती आताच सांगून टाकतो. पाण्याने खरवडून नेलेल्या काठावर त्या उभ्या आहेत. परंतु पाणी येथवर आले होते हे येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी एकही रेघ त्यांच्या दर्शनी अंगावर नाही. घुमट आहेत, कमानी आहेत, जाळ्या आहेत, लाल दगड आहे. ज्या घटनेमुळे ती सारी नगररचना झाली, तिचाच उल्लेख वाटसरूला दिसत नाही. म्हणजे विसरण्याची ही कला शंभर वर्षांची जुनी आहे, आताच्या लोकांनी तिचा केवळ कारखाना काढला एवढेच.

आणि तरीही मुसीकाठच्या भिंतींवर सरकारी रंग चढला नाही असे नाही. २०२४ च्या सप्टेंबरात चादरघाट, मुसानगर, शंकरनगर या बाजूच्या घरांवर अधिकाऱ्यांनी तांबड्या रंगाने 'आर. बी. एक्स.' अशी अक्षरे काढली. घर नदीच्या पात्रात आहे, सबब पाडावयाचे आहे, असा त्याचा अर्थ. काही घरे पाडली गेली, कुटुंबे दोन खोल्यांच्या सरकारी सदनिकांत नेली गेली. नदीच्या पुराविषयी आपल्या काळात राजसत्तेने भिंतीवर काढलेले चित्र जर कोणते असेल, तर ते हे तीन अक्षरांचे! ज्यांच्या दारावर ती अक्षरे आली, त्यांस पाणी कोठवर येते हे कोणी शिकवावयाला नको होते. दर मोठ्या पावसात भांडीकुंडी फळीवर चढविणारे तेच लोक आहेत. विचारावयाचे ते एवढेच, की पूररेषेच्या आत असलेल्या सरकारी इमारतींवर ती अक्षरे का निघाली नाहीत?

हा उपहास नव्हे. महात्मा गांधी बसस्थानक घ्या. मुसीच्या दोन धारांमध्ये ते बांधले आहे. त्या जागेचे नाव इमलीबन, म्हणजे चिंचेचे वन. जेथे चिंचेच्या एका झाडाने दीडशे जीव वाचविले त्या नदीच्या पात्रात चिंचेच्या वनाच्या नावाने आपण मोटारतळ उभा केला. २०२५ च्या सप्टेंबरच्या २६ तारखेच्या रात्री दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडले गेले, स्थानकात पाणी शिरले आणि प्रवासी अडकून पडले. १९०८ चा वार्षिक दिवस दोनच दिवसांवर आला होता. त्याआधी २०२० च्या ऑक्टोबरात मुसारामबागचा पूल पाण्याखाली गेला, आणि त्याच पावसात बालापूरकडील गुर्रम चेरुवू हा तलाव फुटून खालच्या वस्त्यांत पाणी घुसले. ११२ वर्षांनी तीच कथा: वर तलाव फुटतो, खाली माणूस बुडतो. त्याच वर्षीच्या जुलैत उस्मानिया रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत पावसाचे व गटाराचे पाणी शिरले, आणि ती रिकामी करावी लागली.

आता आमची मागणी काय, ती स्पष्ट करतो. या शहराला मुसीवर चित्रे हवी असतील तर ती आधी पाण्याच्या उंचीची असावीत. १९०८, २०२० आणि २०२५ ही तीन साले, आणि पाणी जेथवर चढले तेथे एक रेघ; ही रेघ कशी काढावी, दगडात कोरावी की चिनी मातीच्या तुकड्यांत बसवावी, तिच्याशेजारी वाहून गेलेल्या खाटेचे चित्र असावे की बकरीचे, हे कलावंताने काठच्या लोकांना विचारून ठरवावे. रेघेची जागा मात्र त्यांनीच दाखवावी.

यावर सुशिक्षितांचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही कला नव्हे, ही मोजपट्टी झाली. या आक्षेपाला नाशिककरांनी केव्हाच उत्तर देऊन ठेविले आहे. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाऊस वाढला की नाशिकचा माणूस धरणातून किती क्युसेक सुटले हे विचारीत नाही; तो विचारतो, मारुतीला पाणी कोठवर लागले? गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला? २०१९ च्या ऑगस्टात ते डोक्यावरून गेले, आणि ही एक बातमी ऐकताच सराफ बाजारातल्या दुकानदाराला काय करावयाचे ते कळले. जवळच नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे. पाणी घंटेला लागणे म्हणजे काय, हेही तेथे समजावून सांगावे लागत नाही. मारुतीची मूर्ती त्यामुळे कमी पूज्य झाली काय? उलट लोकांनी तिला आपल्या जिवाशी बांधून घेतले. कलेला याहून मोठा मान कोणता मिळणार आहे?

आमच्या काही मित्रांना मारुतीचे उदाहरण गावंढळ वाटेल, त्यांना पॅरिसला नेऊ. सीन नदीवरील आल्मा पुलाच्या खांबाशी झुआव सैनिकाचा एक दगडी पुतळा आहे. तो बसविला गेला एका लढाईच्या गौरवासाठी. लढाई लोक विसरले, पण पाणी सैनिकाच्या पायांना लागले की पॅरिसकर सावध होतो. १९१० च्या महापुरात ते त्याच्या खांद्यांशी पोहोचले होते. पुढे पूल नव्याने बांधताना चार पुतळ्यांपैकी हा एकच तेथे ठेवला गेला. जर्मनीतील पासाऊ गावात नगरभवनाच्या भिंतीवर १५०१ पासूनच्या पुरांच्या रेघा सालवार आहेत, आणि २०१३ ची रेघ तीत नंतर आली. प्रवासी तिच्याखाली उभे राहून छायाचित्रे काढून घेतात! म्हणजे पाहुण्यांना आवडेल की नाही ही चिंताही फोल ठरते. मुसीच्या सुधारणेसाठी सोलची नदी पाहावयास शिष्टमंडळ गेले होते. तेवढ्याच हौसेने कोणी नाशिकपर्यंत गेले असते तर भाडेही कमी लागले असते.

दुसरा आक्षेप, लोक घाबरतील. काठचे लोक घाबरणार नाहीत, ते घाबरूनच राहतात. घाबरेल तो, जो काठाजवळच्या नव्या इमारतीत सदनिका विकत घेऊ पाहतो. खरे दुखणे येथे आहे. डोक्याच्या वर चार हात उंचीवर १९०८ असे कोरलेले असेल तर त्या इमारतीची किंमत कोण देईल? म्हणूनच कमळे, मोर आणि चारमिनार यांची चित्रे मंजूर होतात व पाण्याची रेघ मंजूर होत नाही. कलावंताने निदान आपण कोणासाठी मोर काढीत आहोत हे ओळखावे.

एक इशारा 'लोकसहभाग' या शब्दाविषयीही द्यावयास हवा. बाहेरून चित्रकार येतो, आराखडा घरूनच आणतो, वस्तीतली चार पोरे शिडी धरतात, शेवटी त्यांचे हात रंगात बुडवून भिंतीवर ठसे उमटवितात, आणि अहवालात लिहिले जाते की समाजाने कला निर्माण केली. समाजाने शिडी धरली! पुराची कथा ज्यांची आहे त्यांच्या हाती आराखडा असला पाहिजे. आणि त्यांनी म्हटले की आम्हांला चित्र नको, आमच्या घराला अक्षरे काढली तेव्हा तुम्ही कोठे होता ते सांगा, तर ते ऐकून घेण्याची तयारीही असली पाहिजे. अशा बैठकीतून कदाचित एकही भिंत रंगणार नाही. चालेल.

काचीगुडा, गौळीगुडा, इसामिया बाजार या भागांत, म्हणजे नदीच्या उत्तर काठाच्या हाकेवर, मराठी माणूस पिढ्यान्पिढ्या राहत आला आहे. विवेकवर्धिनी शाळा निघाली ती पुराच्या आदल्या वर्षी, १९०७ साली. या घरांतून आजीपणजीने सांगितलेल्या तुघयानीच्या गोष्टी अजून असतील. कोणाच्या देवघराच्या किती पायऱ्या बुडाल्या, कोण कोणाच्या माडीवर राहिले. त्या आपण गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेत एकदा ऐकतो आणि सोडून देतो. त्या उंचीसह टिपून घ्याव्यात, आणि तेलुगू व दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या गोष्टींशी ताडून पाहाव्यात. जेथे तिघांची उंची जुळेल तेथे रेघ काढावी. आरंभ खाजगी घरापासून नको. आधी बसस्थानकाचा खांब, मग रुग्णालयाची जुनी भिंत, मग न्यायालयाचा नदीकडचा तट. आणि चादरघाटच्या ज्या भिंतींवर ती तांबडी अक्षरे अजून शिल्लक आहेत, त्यांना ती तशीच ठेवून शेजारी.