उष्टावणानंतरचें अन्न

शेतीच्या मासिकांत तान्ह्या मुलांच्या आहाराची चर्चा कशास, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु पिकास खत केव्हां व किती द्यावें याचा काटेकोर विचार करणारा आमचा शेतकरी बंधु घरांतील सहा महिन्यांच्या मुलाच्या वाटीकडे मात्र पाहत नाहीं. तें बायकांचें काम म्हणून तो मोकळा होतो. कोणतें धान्य विकावयाचें व कोणतें राखावयाचें हें ठरविणारा तोच असल्यामुळें हा प्रश्न त्याचाही आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून मुलास कांहींही, पाणीसुद्धां, लागत नाहीं. पुढें तें एकटें पुरत नाहीं. जन्मापूर्वी मुलाच्या शरीरांत सांठलेलें लोह या सुमारास संपत येतें व आईच्या दुधांत लोह थोडेंच असतें. उष्टावणाची वेळ आमच्या रूढीनें बहुधा बरोबरच धरली आहे. दोष आहे तो पुढचा. मामाच्या मांडीवर खिरीचें बोट चाटविलें, पंगत उठली, कीं दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या वाट्यास पातळ पेज, नाहीं तर वरणावरचें पाणी. मुलाचें पोट तें केवढें! तें पाण्यानेंच भरलें तर अन्नास जागा कोठून राहणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकीं पुरेसा आहार मिळणारीं मुलें देशांत अवघीं ११.३ टक्के आढळलीं. महाराष्ट्रांत ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत रक्तक्षयाचें प्रमाण ६८.९ टक्के होतें. हीं सारीं मुलें भूमिहीनांचींच असतील, हें संभवत नाहीं.

उपाय बाजारच्या डब्यांत नाहीं, आपल्या कणगींत आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली म्हणजे त्याच पाण्यांत अधिक पीठ मावतें व लापशी तरीही मऊ राहते. १०० ग्रॅम नाचणींत कॅल्शियम सुमारें ३५० मिलिग्रॅम असतें. तांदळांत तें नांवापुरतेंच. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, तींत कुसकरलेली पालेभाजी, लिंबाचे थेंब व चमचाभर तूप द्यावें. चालत असेल त्या घरीं चांगलें शिजविलेलें अंडें व मासळीही द्यावी. घांस चमच्यावरून ओघळूं नये इतका दाट असावा. प्रथम दिवसांतून दोन-तीन वेळां, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळां. आईचें दूध दोन वर्षें व पुढेंही चालूच ठेवावें. वर्षाच्या आंत मध मुळींच नको. गोठ्यांत दुभतें आहे म्हणून या वयांत आईच्या दुधाऐवजीं म्हशीचें दूध पाजणें आम्हांस पसंत नाहीं. त्यानें पोट भरतें, लोह मिळत नाहीं.

खरी अडचण वेळेची. खुरपणीच्या दिवसांत आई उजाडतांच शेतावर जाते, व मूल थकलेल्या आजीपाशीं राहतें. तीन वेळां ताजें शिजवून, कुसकरून, धीरानें भरवावयाचें कोणीं? तेव्हां यंदाची नाचणी व मूग व्यापाऱ्यास घालण्यापूर्वीं घरच्या लहानग्यासाठीं दोन पायल्या बाजूस काढाव्या, आणि दुपारीं सुनेस घरीं धाडावें; तिच्या वांट्याची पात आपण धरावी.