इवलीशी नंबर प्लेट आणि गुणोत्तराचा धडा

शाळेच्या प्रदर्शनात किंवा कार्यानुभवाच्या तासाला मुलं पुठ्ठ्याच्या गाड्या करतात, हे आपण दरवर्षी बघतो. लाल रंगाची एसटी बस, काडेपेट्यांचा ट्रक, रिक्षा, ट्रॅक्टर. खिडक्या कापलेल्या असतात, चाकाला बाटलीची टोपणं असतात, पुढे कागदाचे दिवे. मेहनत खरी असते. पण त्या गाडीची नंबर प्लेट बघा. कागदाच्या तुकड्यावर स्केचपेननं घाईनं लिहिलेले मोठाले आकडे. कधी वाढदिवसाची तारीख, कधी नुसतं "दादा".

माझं म्हणणं साधं आहे. गाडीची प्रतिकृती करायची असेल तर तिची नंबर प्लेट मापात हवी, आणि ती मुलानं स्वतःच्या हातानं केलेली हवी. सहावीच्या गणितात गुणोत्तर-प्रमाण येतं. मुलं उदाहरणं सोडवतात, उत्तर बरोबर येतं, पण ते प्रमाण डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवणारी इतकी स्वस्त वस्तू दुसरी मला तरी माहीत नाही.

आधी गणित करून बघू

समजा, मुलांनी स्टँडवर उभी असलेली बस मोठ्या माणसाला सोबत घेऊन टेपनं मोजली आणि लांबी १० मीटर ८० सेंमी भरली. पुठ्ठ्याची बस ४५ सेंमी लांब आहे. १०८० भागिले ४५ म्हणजे २४. प्रमाण झालं १:२४. आता या बसवर मुलानं ५ सेंमी लांब आणि २ सेंमी उंच कागद चिकटवला असेल, तर खऱ्या बसवर ती पाटी केवढी होईल? २४ नं गुणा. १२० सेंमी लांब आणि ४८ सेंमी उंच! म्हणजे बसच्या तोंडावर दुकानाची पाटीच लावली की. हा गुणाकार वर्गात करून दाखवा. मुलं हसतात आणि मग आपापली गाडी निरखू लागतात.

खरं माप काय, ते कायद्यातच दिलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ५० आणि ५१ मध्ये पाटीचं आणि अक्षरांचं माप ठरवून दिलं आहे. बस-ट्रकसारख्या मोठ्या गाड्यांची पाटी ३४० × २०० मिमी. कारला तीच किंवा ५०० × १२० मिमीची लांबट पाटी. दुचाकी आणि रिक्षाला २०० × १०० मिमी. कार, बस, ट्रक यांच्या पाटीवरचं अक्षर ६५ मिमी उंच, त्याची रेघ १० मिमी जाड आणि दोन अक्षरांत अंतरही १० मिमी.

आता २४ नं भागू. पाटी झाली साधारण १४ × ८ मिमी, म्हणजे करंगळीच्या नखाहून थोडी मोठी. अक्षर २.७ मिमी उंच, रेघ ०.४ मिमी जाड. दशांश अपूर्णांक कशाला शिकायचे, असं विचारणाऱ्या मुलाला इथं उत्तर मिळतं.

कॉम्प्युटर नसला तरी चालतं

एवढं बारीक अक्षर हातानं काढता येत नाही, हे खरं. म्हणून मोठं काढायचं आणि झेरॉक्सवर लहान करायचं.

१. ३४० मिमीची पाटी ए-फोर कागदात मावत नाही. म्हणून अर्ध्या मापात काढा : १७० × १०० मिमी. अक्षर ३२.५ मिमी उंच, रेघ ५ मिमी जाड. पट्टी आणि काळा मार्कर वापरा. अक्षरं इंग्रजी आणि आकडेही इंग्रजीच, नियम तसा आहे.

२. अर्ध्या मापाची पाटी आणखी १२ पट लहान करायची आहे. झेरॉक्स मशीनवर आधी २५ टक्के करून घ्या, मग त्या प्रतीची ३३ टक्के. एक चतुर्थांशाचा एक तृतीयांश म्हणजे एक बारांश. मशीनवर २५ नसेल तर ५० टक्के दोनदा. टक्क्यांवर टक्के घेताना बेरीज नाही, गुणाकार होतो, हे मुलं इथं झेरॉक्सवाल्या काकांच्या काउंटरवर शिकतात.

३. एसटी, रिक्षा, ट्रक अशा भाड्यानं चालणाऱ्या गाडीची शेवटची प्रत पिवळ्या कागदावर काढा, कारण त्यांची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. घरच्या गाडीची पाटी पांढरी. विजेवर चालणाऱ्या गाडीची हिरवी, तिच्यावर खासगी असेल तर पांढरी अक्षरं आणि भाड्याची असेल तर पिवळी.

४. पाटी जाड कार्डावर चिकटवून मगच कापा, म्हणजे ती गाडीवर किंचित उठून दिसते. कापलेली पांढरी कड पेननं रंगवा. पांढरा डिंक अगदी थोडा घ्या. इंकजेट प्रिंटरची शाई ओल्या डिंकानं पसरते, झेरॉक्सची पसरत नाही.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. तिच्यावर अशोकचक्राचा २० मिमीचा होलोग्राम असतो. आपल्या मापात तो एक मिमीही भरत नाही. तिथं चंदेरी पेनचा एक ठिपका पुरे. काय दाखवायचं आणि काय सोडायचं, हा निर्णय नकाशा काढणाऱ्यालाही घ्यावा लागतो. भूगोलाच्या तासाला याची आठवण करून द्या.

नंबर कोणता घालायचा?

इथं निरीक्षण लागतं. आपलं सोलापूर एमएच १३. म्हणून मूल एसटीवरही डोळे झाकून एमएच १३ घालतं. पण स्टँडवर जाऊन बघा. महामंडळाच्या बहुतेक बसवर एमएच १४, एमएच २० किंवा एमएच ४० दिसेल. कारण महामंडळाच्या बसबांधणीच्या कार्यशाळा पुण्याजवळ दापोडीला, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याला आणि नागपूरजवळ हिंगण्याला आहेत. गाडी जिथं बांधली, तिथला नंबर. ज्यानं खरंच बघितलं त्याच्याच बसवर योग्य नंबर येणार.

सोलापूर तर या अभ्यासाला सोन्यासारखं गाव. पुणे-हैदराबाद रस्ता इथूनच जातो, खाली विजयपुऱ्याचा फाटा आहे. तासभर नंबर टिपले तरी वही भरेल : एमएच ४५ आपल्याच जिल्ह्यातलं अकलूज, एमएच २५ धाराशिव, एमएच २४ लातूर, केए २८ विजयपुरा, केए ३२ कलबुर्गी. तेलंगणाच्या जुन्या गाड्यांवर टीएस, तर मार्च २०२४ नंतरच्या नव्या गाड्यांवर टीजी. फक्त नंबर टिपायला मुलांना रस्त्याकडेला उभं करू नका, स्टँडच्या किंवा शाळेच्या आवारातूनच टिपू द्या.

आणि हो, कुणाच्या खऱ्या गाडीचा पूर्ण नंबर उतरवू नका. शेवटचे चार आकडे ०००० घाला. तो नंबर कुठल्याच गाडीला मिळत नाही, त्यामुळे प्रदर्शनाचे फोटो कुठेही गेले तरी कुणाला त्रास नाही.

"एवढं बारीक कोण बघतंय?"

हा आक्षेप नेहमी येतो. उत्तर असं की, आपण बघितलं पाहिजे. परीक्षक म्हणून जाताना खिशात एक छोटी पट्टी ठेवा. दहा गुणांपैकी तीन गुण मापाला द्या आणि ते मुलांना आधी सांगा. बाजारातून आणलेली चकचकीत गाडी आणि घरी केलेली ओबडधोबड पण मापातली गाडी शेजारी असतील, तर गुण कुणाला द्यायचे हा प्रश्नच उरणार नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे रोज खोट्या पाट्या फिरतात. २१४ चे इंग्रजी आकडे वळवून "राम", ८०५५ चं "बॉस". कुणाचा नंबर इतका बारीक की वाचताच येऊ नये. मुलांना ते भारी वाटतं, म्हणूनच पुठ्ठ्याच्या गाडीवर "दादा" येतो. त्यांना नुसतं "असं करू नये" सांगून काही होत नाही. पण ज्या मुलानं ६५ मिमी आणि १० मिमी ही मापं स्वतः आखली आहेत, ते विचारतंच, "सर, एवढीच उंची का?" मग सांगा : एखाद्याला धडक देऊन गाडी पळाली, तर बघणाऱ्याच्या हाती दोन-तीन सेकंद असतात. तेवढ्यात जे वाचता येईल, त्यावरच जखमी माणसाच्या घरच्यांना न्याय मिळायचा असतो. पाटी मालकाची हौस भागवायला नसते, ती रस्त्यावरच्या इतरांसाठी असते.

येत्या प्रदर्शनात एका वर्गापुरतं तरी हे करून बघा. खर्च म्हणाल तर चार-पाच झेरॉक्स, एक कार्डशीट आणि थोडा डिंक. आणि शाळेच्या आवारात लावलेल्या आपल्या स्वतःच्या गाडीची पाटी आधी तपासून घ्या, कारण त्यानंतर मुलं पट्टी घेऊन तिच्याकडेही येणारच आहेत.