सुईहून मोलाची डबी

तळहातावर मावेल असे पितळेचे फुलपाखरू. त्याचे पंख उचलले की खाली सुयांच्या पुड्या ठेवण्याची जागा दिसते. एकचाकी हातगाडी, चित्रकाराची तिकाटणी अशीही रूपे त्याच घडणीतली. व्हिक्टोरिया राणीच्या काळी, साधारणतः १८६८ ते १८९०च्या दरम्यान, इंग्लंडमधील रेडिच येथील डब्ल्यू. एव्हरी अँड सन या पेढीने अशा डब्या घडविल्या. ‘क्वाड्रुपल गोल्डन कास्केट’ या तिच्या डबीत चार आकारांच्या सुयांसाठी चार कप्पे असत.

सुई ती सुईच. एका पेढीची दुसरीहून वेगळी, हे गिऱ्हाइकाने ओळखावे कसे? जिन्नस सारखाच असेल तर गिऱ्हाईक वेष्टनावर जिंकावे लागते, हे रेडिचच्या व्यापाऱ्यांनी नेमके हेरले. एकाच घडणीच्या डब्यांवर निरनिराळ्या सुई-विक्रेत्यांची नावे उमटलेली आढळतात, ती यामुळेच. नक्षीची नक्कल होऊ नये म्हणून तिची सरकारदरबारी नोंद होई व वस्तूवर चौकटच्या आकाराची खूण उमटविली जाई. १८४२ ते १८८३ पर्यंत चाललेल्या या खुणेच्या कोपऱ्यांतील अक्षरे व अंक वाचून संग्राहक नोंदणीचा दिवस, महिना आणि वर्ष आजही सांगू शकतो. जुन्या वह्या चाळणाऱ्यांना या वाचनातील आनंद निराळा सांगायला नको.

डबीतील सुईची कथा मात्र इतकी देखणी नाही. दोन सुयांच्या लांबीची तार तोडून तिच्या दोन्ही टोकांना अणी काढीत, मधोमध नेढी पाडीत आणि मग तिचे दोन तुकडे करीत. अणी काढणारा कारागीर मूठभर तारा एकदम हातात धरून फिरत्या कोरड्या दगडावर घाशी. दगडाची व पोलादाची धूळ त्याच्या छातीत साठे आणि ऐन उमेदीतच तो खोकून खोकून मरे. या कामाची मजुरी चांगली होती, कारण आयुष्य थोडे होते. धूळ ओढून घेणाऱ्या पंख्यांची सोय पुढे आली, तेव्हा खुद्द कारागिरांतूनच विरोध झाला. धोका गेला तर धोक्यापायी मिळणारी वाढीव मजुरीही जाईल, ही त्यांची भीती होती. मालाच्या किमतीत धरला न गेलेला हा खर्च होता, आणि तो भरणाऱ्याचे नाव कोणत्याच डबीवर नाही.

डबीने मन जिंकण्याची कला एकट्या रेडिचची नव्हती. स्कॉटलंडमधील मॉखलिन गावच्या स्मिथ घराण्याचा मूळ धंदा तपकिरीच्या डब्यांचा. तपकीर ओढण्याची चाल मागे पडू लागली, तशी त्यांनी सुयांच्या, दोऱ्याच्या डब्यांकडे नजर वळविली. फिकट लाकडावर एखाद्या प्रेक्षणीय स्थळाचे चित्र उठवून वर रोगणाचे हात द्यायचे, की झाली प्रवासाची आठवण! काहींवर तर ते लाकूड अमुक नदीकाठच्या झाडाचे असल्याचेही छापलेले असे. रेल्वेने समुद्रकिनारी गेलेले कुटुंब थोडक्या पैशांत ती घरी आणी. हे काम पुढे १९३३ साली कारखान्याला लागलेल्या आगीनंतर थांबले.

शिवणाच्या सामानात हस्तिदंत, कासवाची पाठ आणि शिंपला यांचाही सढळ वापर होई. त्यांच्याबरोबर ‘वनस्पती हस्तिदंत’ही चाले. दक्षिण अमेरिकेतील एका ताडवर्गीय झाडाचे हे टणक, पांढरे बी असून त्याच्या सुबक डब्या व अंगुस्ताने ठेवण्याची घरे कातीत. नुसत्या नजरेला फसवील असे हे साम्य आहे. इंग्लंडमध्ये २०१८चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून अमलात आल्यामुळे खऱ्या हस्तिदंताच्या बहुतेक वस्तूंची विक्री बंद झाली, तेव्हा तिथल्या विक्रेत्याला आता कोणता पदार्थ कोणता हे अचूक ओळखावेच लागते.

पितळी डब्यांच्याही नकला निघतात. अस्सल डबी पातळ पत्र्यावर ठसा दाबून केलेली, म्हणून हलकी आणि रेघांना रेखीव. ओतीव नक्कल जड असते व तिची नक्षी बोथट दिसते. जाणकार ग्राहक आधी डबी तळहातावर तोलतो, मग बिजागरी हळूच उघडून आत सुयांची जुनी काळ्या कागदातली पुडी उरली आहे का ते पाहतो.