एका मैलाची वाट

पक्षिनिरीक्षण म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर निबिड अरण्य किंवा दूरचे एखादे सरोवर उभे राहते. दुर्मिळ पक्षी जेथे असेल तेथे जावे, तो पाहावा, त्याचे नाव वहीत टिपावे आणि लगेच दुसऱ्याच्या मागे लागावे, यातच या छंदाची परिसीमा आहे, असे त्यांना वाटते. इंग्लंडातही असे हौशी लोक थोडे नाहीत. वाऱ्याने वाट चुकलेला एखादा परदेशी पक्षी किनाऱ्यावर उतरल्याची वार्ता लागताच ते रातोरात शेकडो मैलांचा प्रवास करतात. त्यांच्या उत्साहाला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. परंतु पक्ष्यांविषयीचे मानवाचे ज्ञान या धावपळीपेक्षा घराजवळच्या, त्याच त्या वाटेवरच्या लहान फेऱ्यांनी अधिक वाढले आहे, असे माझे मत आहे. आणि या मताला इंग्लंडच्या खेड्यापाड्यांइतका चांगला साक्षीदार दुसरा मिळणे कठीण.

तेथील भूमीच जणू अशा फेऱ्यांसाठी घडविली आहे. इंग्लंड व वेल्स मिळून सुमारे २,२५,००० किलोमीटर लांबीचे सार्वजनिक पायरस्ते आहेत. त्यांतील पुष्कळसे खासगी शेतांमधून जातात. तरी त्यांवरून चालण्याचा प्रत्येकाला कायदेशीर हक्क आहे. दोन शेतांच्या मध्ये काटेरी झुडपांची दाट, हिरवी कुंपणे असतात. एप्रिलच्या सकाळी अशा कुंपणाच्या कडेने चालावे, तो आतून एक खणखणीत स्वर उठतो. गाणारा पक्षी शोधू गेल्यास दिसतो अंगठ्याएवढा, शेपटी उभारलेला, जेमतेम दहा ग्रॅम वजनाचा रेन! पुढे मोकळे शेत लागले की चंडोल गात गात आकाशात चढतो आणि दिसेनासा झाला तरी ऐकू येत राहतो. ओढ्यावर एक निळी रेघ चमकून जाते. तो खंड्या. हा मात्र आपल्याला परका नव्हे. आपल्या ओढ्यांवर दिसणारा लहान खंड्या आणि हा, दोघे एकाच जातीचे.

हँपशर परगण्यातील सेलबोर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचे धर्मोपदेशक राहत असत. त्यांचा जन्म १७२० मधला व मृत्यू १७९३ मधला, आणि दोन्ही त्या गावातच झाले. त्यांच्यापाशी दुर्बीण नव्हती की पक्ष्यांची चित्रे असलेले सोयीचे पुस्तक नव्हते. गावातून व गावाबाहेरच्या टेकडीवरून हिंडावे, दिसेल ते पाहावे, ऐकू येईल ते ऐकावे आणि घरी येऊन लिहून ठेवावे, एवढाच त्यांचा क्रम. पण तो वर्षानुवर्षे अखंड चालला. त्यांच्या काळी विद्वान मंडळी एकाच नावाखाली घालीत असलेले काही हिरवट, चिमुकले वटवटे पक्षी एक नसून तीन निरनिराळ्या जातींचे आहेत, हे व्हाइट यांनी ओळखले. ते कशावरून? प्रामुख्याने आवाजावरून! एक पक्षी दोनच स्वर पुनःपुन्हा आळवी, दुसऱ्याचा सूर हळुवारपणे खाली उतरे, तर तिसरा उंच झाडांच्या शेंड्यांवर पंख थरथरवीत शीळ घाली. एकदा ऐकून हा भेद कोणाला कळला असता? गावातील पाकोळ्यांच्या जोड्या मोजून त्या दरवर्षी आठच भरतात, अशीही त्यांनी नोंद केली. या नोंदी त्यांनी मित्रांना लिहिलेल्या पत्रांत होत्या. त्यांचे पुस्तक १७८९ साली निघाले व ते अद्याप आवडीने वाचले जाते.

तथापि एक कोडे व्हाइट यांना अखेरपर्यंत उलगडले नाही. हिवाळ्यात भिंगऱ्या जातात कोठे? कोणी म्हणत, त्या दूर देशी जातात. कोणी म्हणत, बिळांत किंवा तळ्याकाठी निजून राहतात. या प्रश्नाचे उत्तर पुढे एका घराच्या आसपासच मिळाले. स्टॅफर्डशर परगण्यातील चीडल गावी एका वकिलाने मे १९११ मध्ये आपल्या घरापाशी एका भिंगरीच्या पायात क्रमांकाचे वळे घातले. डिसेंबर १९१२ मध्ये तीच भिंगरी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातल्या एका शेतघरात सापडली. मधले अंतर सुमारे दहा हजार किलोमीटर, आणि पक्ष्याचे वजन अवघे वीस ग्रॅम! (हिवाळ्यात आपल्याकडे तारांवर रांगेने बसणारी माळभिंगरी याच जातीची, मात्र ती इंग्लंडहून येत नाही.)

यावर कोणी विचारील, “रोज तेच पक्षी पाहून कंटाळा नाही का येणार?” येईल, काही दिवस येईलही. पण मग आणखी एक गोष्ट घडू लागते. नवा पक्षी पाहणाऱ्याला जे आहे तेवढेच दिसते. त्याच वाटेने वारंवार जाणाऱ्याला जे नाही तेही दिसू लागते. मागच्या वसंतात या कुंपणात गाणारा पक्षी यंदा का गात नाही, हा प्रश्न पाहुण्याला सुचणे शक्य नाही.

हा प्रश्न आज इंग्लंडात फार मोठा झाला आहे. १९७० नंतर ब्रिटनमधील शेतांत राहणाऱ्या पक्ष्यांची एकंदर संख्या निम्म्याहून खाली आली. चंडोल निम्म्याहून कमी उरले. आपल्या होल्याचा भाऊबंद असलेला टर्टल डव्ह तर शंभरांतून पाचही उरला नाही. हे कळले कसे? १९६२ पासून हौशी निरीक्षक नेमलेल्या शेतांवर वरचेवर जाऊन पक्षी मोजू लागले. १९९४ पासून दुसरी गणना चालू आहे. तीत प्रत्येकाच्या वाट्याला एक किलोमीटर लांब-रुंद असा भूमीचा चौकोन येतो. चौकोन चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरतात. तेथे रम्य वन असेल किंवा नुसते बटाट्यांचे शेत असेल. निरीक्षकाने वसंतात दोन वेळा भल्या सकाळी ठरलेल्या दोन रेषांवरून चालावे व दिसतील-ऐकू येतील ते सर्व पक्षी लिहावेत. यात चिमणीचा मान गरुडाहून उणा नाही. एखाद्याला सगळ्या सकाळीत कावळे आणि कबुतरेच भेटतात, आणि तरीही तो पुढच्या वर्षी पुन्हा जातो. दुर्मिळ पक्ष्यासाठी रात्रभर प्रवास करणाऱ्यापेक्षा मला या माणसाचे कौतुक अधिक वाटते.

अशा नोंदी हाती असल्यामुळेच चंडोल का घटले, याचा शोध घेता आला. पूर्वी बरेच धान्य वसंतात पेरीत. पुढे ते शरदातच पेरण्याची चाल पडली. त्यामुळे मे महिन्यात पीक इतके उंच व दाट होते की जमिनीवर घरटे करणाऱ्या चंडोलाला त्यात उतरायला व चारा शोधायला जागाच उरत नाही. मग पिल्लांची दुसरी वीण होत नाही. यावर सुचलेला उपाय अगदी साधा आहे. पेरणी करताना हेक्टरामागे दोन ठिकाणी, सुमारे चार मीटर लांब व तितकीच रुंद जागा न पेरता सोडावयाची. असे तुकडे ठेवलेल्या शेतांत पिल्ले अधिक वाढतात, असे प्रयोगांत आढळून आले. काही शेतकरी आता ते ठेवतात. शेताच्या कडेच्या पाऊलवाटेवरून जाणाऱ्याला गव्हात मध्येच ते उघडे चौकोन दिसतात, आणि नशीब असेल तर त्यांतूनच एखादा चंडोल गात वर उठतो.