चंदगडची खोली आणि बेळगावचा किल्ला

लालबाग-परळच्या चाळींत पूर्वी गावकरी मंडळांच्या खोल्या असत. एकाच गावचे गिरणी कामगार तिथं पाळीपाळीनं झोपत, जेवण खानावळीत. आमच्या मजल्यावरची खोली चंदगडकडची. गावचा जिल्हा विचारला की म्हातारे सांगत बेळगाव, पोरं सांगत कोल्हापूर. दोघंही खरंच बोलत! १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, तोवर हा तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड तेवढं मुंबई राज्यात राहिलं. बाजार आणि सोयरीक मात्र बेळगावचीच राहिली.

हा मुलूख सह्याद्रीच्या पूर्व उताराचा. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. घाटालगत धो धो पाऊस आणि भात, पूर्वेला सरकलं की ज्वारी, निपाणीकडे तंबाखू. भाषाही अशाच सरकत जातात. आपल्या लोकांच्या घरात दखनी, शेजारी मराठी, कचेरीत कानडी.

बेळगावच्या किल्ल्यात आदिलशाही सरदार असद खान लारी यांनी सोळाव्या शतकात बांधलेली सफा मशीद आहे. तिच्या दोन खांबांवर लेख कोरलेत. भाषा कानडी, एकाची लिपी नागरी. जवळच १२०४ सालची जैनांची कमल बस्ती. सीमेवरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी एकदा हे खांब बघून यावेत.

या सीमेचं दुःख गिरणगावात पोचवलं ते शाहिरांनी. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ गाजवणारे अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, हे आपल्या मुलांना सांगायला हवं. पुढे १९६७ मध्ये महाजन आयोगानं बेळगाव शहर तिकडेच ठेवलं, २६४ गावं महाराष्ट्राला सुचवली. महाराष्ट्रानं ते नाकारलं. २००४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

माझी मावसबहीण बेळगावात असते. ती मराठी शाळेत शिकलेली, मुलाला मात्र तिनं कानडी शाळेत घातलं. नोकरी तिथंच करायची, मग काय करणार? घरी आलेला सरकारी कागद तोच तिला वाचून दाखवतो. मुंबईला आले की दोघं दादरला फिरतात. तो दुकानांच्या पाट्या अक्षर लावत वाचतो, आणि चुकला की ती दुरुस्त करते.