खुंटी, शिंके आणि परिग्रह

1903 साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, तारकामाच्या कारखान्यातील आल्बर्ट पार्कहाउस यांना कोट अडकविण्यास खुंटी रिकामी मिळाली नाही. त्यांनी तार वाकवून खांद्याच्या आकाराचा हँगर केला, अशी कथा सांगितली जाते.

आपल्या घरांतही अशा युक्त्या होत्या. आढ्याला टांगलेल्या शिंक्यात दूध-दही राही. मांजर तेथवर पोहोचत नसे, मुंग्याही सहसा चढत नसत. अन्न वाचे आणि जीवही वाचे. खुंटीवर पाण्याचे गळणे वाळे. पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती हेच शिकविते: वस्तू उचलताना व ठेवताना नीट पाहावे, जीवाची विराधना होऊ नये. मुनींसाठी सांगितलेला हा नियम गृहिणीच्या स्वयंपाकघरातही शोभतो.

आज दारामागे हुक, पलंगाखाली कप्पे, भिंतभर कपाटे आहेत. जागा वाढली, तसा संग्रह वाढला. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून सहा लोकरी शाली निघाल्या. घडीही न मोडलेल्या, पण कसर लागून चाळण झालेल्या. आमच्या संग्रहाने त्या कुणाच्या अंगावर गेल्या नाहीत, आणि त्यांत जन्मलेल्या जीवांचीही हानी झाली.

पडून राहिलेल्या मालाचा तोटा व्यापाऱ्यास सांगावा लागत नाही. घराचा तसा हिशेब मात्र आपण क्वचितच मांडतो. परिग्रह-परिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत. नवे कपाट घेण्यापूर्वी जुन्यातील एक कप्पा रिकामा करावा. त्या व्रताचा आरंभ तेथूनही होऊ शकतो.